स्वयंअपघातात कुणीच येऊन धडकत नाही, मग जीव जातो कशाने?

गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत 'स्वयंअपघात' हा शब्द वरचेवर दिसतो. दुचाकी घसरली, विजेच्या खांबाला किंवा चिऱ्यांच्या कुंपणाला आदळली, चालवणारा जागीच गेला. समोरून ट्रक आला नव्हता, मागून कुणी ठोकर दिली नव्हती. बातमी वाचून लोक विचारतात, वेग तरी किती असेल? चाळीसचा? आणि तेवढ्यात माणूस गेला? उलट कुणी साठच्या वेगात घसरतो, वीसेक मीटर फरफटत जातो, कातडं सोलून निघतं, आणि काही दिवसांनी परत कामावर दिसतो. याला आपण नशीब म्हणतो. नशिबाचा वाटा असेलही, पण बराचसा हिशेब भौतिकशास्त्राचा आहे आणि तो शाळेच्या पुस्तकातल्या दोन राशींवर चालतो: संवेग आणि आवेग. इंग्रजीतून शिकलेल्यांना त्या मोमेंटम आणि इम्पल्स या नावांनी आठवतील. परीक्षेपुरतं सूत्र पाठ करून आपण त्या मागे टाकतो, याची मला खरंच हळहळ वाटते. रोज घराबाहेर पडताना इतकी उपयोगी पडणारी दुसरी सूत्रं त्या पुस्तकात फारशी नाहीत.

## संवेग म्हणजे काय

चालत्या वस्तूला थांबवणं किती अवघड आहे, हे दोन गोष्टींवर ठरतं. ती किती जड आहे आणि किती वेगात आहे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे संवेग. वस्तुमान किलोमध्ये घ्यायचं, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा आणि गुणायचं.

स्कूटर आणि तिच्यावरचा माणूस मिळून 180 किलो धरू. वेग ताशी 40 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. संवेग झाला साधारण 2,000. आता प्रवाशांनी भरलेली बस 12 टनांची धरा. ती पणजीच्या बसस्थानकावर माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी 5 किलोमीटरने, मागे येते आहे. तिचा संवेग 16,000च्या पुढे जातो. धावत्या स्कूटरच्या आठपट! मागे येणाऱ्या बसला हात लावून 'थांब थांब' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मांडवीतून दीड हजार टन खनिज घेऊन जाणारी बार्ज सेकंदाला एक मीटर एवढ्याच वेगाने सरकत असेल, तरी नुसत्या मालाचा संवेग 15 लाख होतो. बघणाऱ्याला ती जवळजवळ उभीच वाटते. म्हणून तर ती वळवायची किंवा थांबवायची तयारी खूप आधीपासून करावी लागते. बेतीहून पणजीला येणारी फेरीबोटही धक्का जवळ यायच्या कितीतरी आधी इंजिन मंद करते, ते याचसाठी.

संवेगाला दिशा असते, हेही इथेच सांगून ठेवतो. पूर्वेकडे जाणारा 2,000 आणि पश्चिमेकडे जाणारा 2,000 हे सारखे नाहीत, ते एकमेकांच्या उलट आहेत. शेवटी वळणाबद्दल बोलू तेव्हा या दिशेचं महत्त्व कळेल.

## आवेग: बल गुणिले वेळ

संवेग आपोआप बदलत नाही. तो बदलायला बल लावावं लागतं आणि ते काही वेळ लावून धरावं लागतं. बल आणि वेळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. नियम असा की जेवढा आवेग, तेवढाच संवेगातला बदल. न्यूटनने 1687 साली गतीचे नियम प्रसिद्ध केले तेव्हा दुसरा नियम जवळपास याच रूपात मांडला होता. लावलेल्या बलाच्या प्रमाणात गतीची राशी बदलते, असं त्याने म्हटलं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे शाळेत घोकलेलं रूप नंतरच्या लोकांनी रूढ केलं.

इथे एक उपमा घेतो. गाडीवर बसून आपण जो संवेग कमावतो ते कर्ज आहे. थांबायचं म्हणजे ते पूर्ण फेडायचं, त्यात एका पैशाची सूट नाही. पण हप्ते किती पाडायचे हे कधी कधी आपल्या हातात असतं. ब्रेक लावून तीन सेकंदांत थांबलात तर हप्ता लहान, शरीराला कळतही नाही. भिंतीवर आदळून सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबलात तर फेड तेवढीच, पण सगळी एका हप्त्यात. तो हप्ता म्हणजे बल, आणि हाडं मोडतात ती बलाने.

बलाचं एकक न्यूटन. हातात एक किलोचं वजन धरलं की तळहातावर साधारण दहा न्यूटन बल पडतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचे आकडे किलोच्या वजनात मोजता येतील.

## माडाखालचा हिशेब

वीस मीटर उंच माडावरून पाडेली (नारळ काढणारा) सोललेला नसलेला, दीड किलोचा नारळ खाली टाकतो. हवेचा विरोध सोडून दिला तर जमिनीवर पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर असतो, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. संवेग 30.

अंगण जांभ्या दगडाचं असेल तर जमीन हटत नाही. सोडणच काय ते दबेल, समजा दोन सेंटिमीटर. 20च्या वेगापासून शून्यावर येताना सरासरी वेग 10 पडतो, तेव्हा हे दोन सेंटिमीटर जायला सेकंदाचे दोन हजारांश भाग लागतात. 30 ला 0.002 ने भागा. बल 15,000 न्यूटन, म्हणजे दीड टनाचं ओझं. तोच नारळ पावसाने भिजलेल्या कुळागरात पडला आणि मऊ मातीत दहा सेंटिमीटर रुतला, तर वेळ पाचपट मिळाला आणि बल आलं 3,000 न्यूटनवर.

नारळ तोच, उंची तीच, वेगही तोच. माती फक्त वेळ देते. आणि वेळ मिळतो तो अंतरातून. थांबायला जितकी जास्त जागा, तितका जास्त वेळ. झेल घेणारा खेळाडू चेंडूबरोबर हात मागे नेतो, उडी मारून उतरणारा गुडघे वाकवतो, जेटीच्या कडेला आणि बार्जच्या अंगाला जुने टायर टांगलेले असतात. या सगळ्यांत हेच चाललेलं असतं.

## मग घसरणारा वाचतो आणि आदळणारा का जातो?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. ताशी 60च्या वेगात घसरलेला माणूस कोरड्या डांबरावर फरफटत थांबायला तीनेक सेकंद घेतो. घर्षणाने त्याचा संवेग हळूहळू काढून घेतला. कातडी गेली, कोपर फुटलं, पण एका क्षणाला पडणारं बल त्याच्या स्वतःच्या वजनाहूनही कमी होतं. 40च्या वेगात खांबावर गेलेल्या माणसाचा संवेग त्याच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी होता. पण तो संपला सेकंदाच्या शंभराव्या भागात, किंवा त्याहूनही लवकर. 70 किलोच्या शरीरासाठी हिशेब केला तर बल 75,000 न्यूटनच्या पुढे जातं. साडेसात टन!

म्हणजे अपघातानंतर 'वेग किती होता' एवढंच विचारून भागत नाही. तो वेग कशावर आणि किती वेळात संपला, हे विचारायला हवं.

## 'मी हळू चालवतो, गावातल्या गावात हेल्मेट कशाला?'

पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे ऐकू येणारा हा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. कमी वेगात संवेग कमी असतो, हे खरंच. चूक वेगळ्या ठिकाणी आहे. दुचाकीवरून पडणाऱ्या डोक्याला दोन वेग असतात. एक गाडीचा, पुढे जाणारा. दुसरा खाली पडण्याचा, आणि तो गाडीच्या काट्यावर दिसत नाही.

स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते खाली आलं की रस्त्याला लागताना वेग सेकंदाला 5.4 मीटर होतो, जवळपास ताशी 20 किलोमीटर. गाडी दहाने चालली होती की उभी होती, याने त्यात फरक पडत नाही. डोक्याचं वस्तुमान पाच किलो धरलं तर संवेग 27. उघड्या कवटीला दबायला जागा जवळजवळ नसते, दोन-अडीच मिलिमीटर धरू. म्हणजे वेळ सेकंदाचा हजारावा भाग आणि बल 27,000 न्यूटन, पावणेतीन टन.

हेल्मेटच्या कवचाखाली थर्मोकोलसारखा जो पांढरा किंवा काळा थर असतो, तो आदळताना चुरगळतो. तो अडीच सेंटिमीटर दबला तर वेळ नऊ-दहापट होतो आणि बल 3,000 न्यूटनच्या आसपास उतरतं. हा हिशेब ढोबळ आहे. डोकं मानेला जोडलेलं असतं, फटका तिरका बसतो, बल सर्वकाळ सारखं राहत नाही. तरीही दहापटीचा फरक या बारकाव्यांनी पुसला जात नाही. हेल्मेटमधला हा अडीच सेंटिमीटरचा थरच तुमच्या कामाचा. बाहेरचं गुळगुळीत कवच मार पसरवायला आणि टोकदार वस्तू अडवायला असतं.

म्हणूनच नुसती प्लास्टिकची टोपी घालून पोलिसांसमोरून जाणं हा स्वतःशीच केलेला खोटा व्यवहार आहे. आत थरच नसेल तर वेळ येणार कुठून? आयएस 4151 या मानकाची आयएसआय खूण पाहून घ्यावी. 1 जून 2021 पासून देशात दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय विकायला बंदी आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट तर डोक्याच्या आधीच वेगळं होऊन जातं. डोक्याचा संवेग डोक्यापाशीच राहतो.

## 'मऊ रबराचं हेल्मेट अधिक चांगलं नाही का?'

प्रश्न हुशारीचा आहे. रबरही दबतं, मग वेळ देईल की. पण रबर दबल्यावर परत उसळतं, आणि उसळण्यात एक मेख आहे. डोकं 5.4च्या वेगाने येऊन थांबलं तर संवेगातला बदल 27. ते थांबून तेवढ्याच वेगाने उलट फेकलं गेलं तर आधी 27 संपवायचा आणि मग उलट दिशेला 27 नव्याने द्यायचा. एकूण बदल 54. मार दुप्पट. दिशेचा मुद्दा इथे पहिल्यांदा उपयोगी पडला.

म्हणून हेल्मेटच्या आतला थर एकदा चुरगळला की चुरगळलेलाच राहील असा निवडलेला असतो. आणि म्हणूनच एका मोठ्या पडण्यानंतर हेल्मेट बदलायला हवं, बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नसला तरी. आतली जागा वापरून झालेली असते. पुढच्या वेळी द्यायला तिच्याकडे वेळ उरलेला नसतो.

## 'जुन्या गाड्या दणकट होत्या, हल्लीच्या नुसता पत्रा'

जुनी जाड पत्र्याची गाडी ठोकरली तर वाकत नसे, हे बरोबर. तिला काही होत नव्हतं म्हणजेच ती जवळजवळ जागच्या जागी थांबत होती, आणि आतल्या माणसालाही तसंच थांबवत होती. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला उलटा विचार मांडला: गाडीचं नाक मुद्दाम चुरगळू द्यायचं आणि माणसं बसतात तो मधला भाग कणखर ठेवायचा. नाक अर्धा मीटर आत गेलं तर तेवढी जागा थांबायला मिळते. 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा सीटबेल्ट आणला, तो माणसाला या हळू थांबणाऱ्या गाडीशी बांधून ठेवतो. बेल्ट नसेल तर गाडी थांबते आणि माणूस आपल्या जुन्या वेगाने काचेपर्यंत जातो. गाडीने मिळवलेला वेळ त्याच्या वाट्याला येतच नाही.

गाडीचा चक्काचूर झाला आणि आतली माणसं चालत बाहेर आली, अशी बातमी वाचली की लोकांना चमत्कार वाटतो. चक्काचूर झाला म्हणूनच ती चालत आली.

## 'पोराला मी घट्ट धरून असतो'

याबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं. शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही गावात उभे राहा. स्कूटरवर पुढे, हँडलच्या मागे, चार-पाच वर्षांचं मूल उभं असतं. चालवणाऱ्या बापाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, मुलाच्या डोक्यावर काही नसतं.

आधी गाडीतलं उदाहरण घ्या. आईच्या मांडीवर दहा किलोचं बाळ, गाडी 40च्या वेगात, ठोकर बसून ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. बाळाला धरून ठेवायला 1,100 न्यूटन लागतील, म्हणजे 110 किलो वजन एकाएकी हातांवर. कुठल्याही आईच्या मायेत कमी नसतं, पण मनगटांत तेवढी ताकद नसते.

स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाची स्थिती याहून वाईट. गाडी अचानक थांबली की त्याच्या मागे असलेला 70 किलोचा मोठा माणूस आपला सगळा संवेग घेऊन पुढे येतो. तो थांबतो हँडलवर, आणि मधे मूल असतं. बापाला हळू थांबवणारी उशी ते मूल बनतं. हे वाक्य लिहितानाही अंगावर काटा येतो, पण हिशेब असाच आहे.

मोटार वाहन कायद्याचं 129वं कलम चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं करतं. 2022च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि गाडीसाठी ताशी 40 किलोमीटरची मर्यादा घातली आहे. हा पट्टा लहान मुलाने मागे बसायचं धरूनच बनवलेला असतो.

## संवेग शेवटी जातो कुठे?

पुस्तक म्हणतं, संवेग नष्ट होत नाही. मग खांबावर आदळून थांबलेल्याचा संवेग कुठे गेला? खांबातून जमिनीत, म्हणजे पृथ्वीला. पृथ्वीचं वस्तुमान इतकं प्रचंड आहे की तिच्या वेगात पडणारा फरक कुठल्याही यंत्राला दिसणार नाही. लहान वस्तूंत मात्र तो उघड दिसतो. होडीतून काठावर उडी मारा, होडी मागे सरकते. तुम्ही 60 किलोचे, होडी 120 किलोची, तुम्ही सेकंदाला दोन मीटरने पुढे गेलात तर ती एक मीटरने मागे जाते. नवखे लोक उतरताना पाण्यात पडतात ते यामुळेच.

## वेग दुप्पट, तर धोकाही दुप्पटच ना?

संवेग दुप्पट, होय. 30चे 60 झाले तर तेच ब्रेक लावून थांबायला दुप्पट वेळ लागेल. पण त्या दुप्पट वेळात तुम्ही दुप्पट सरासरी वेगाने पुढे जात असता, म्हणून अंतर चौपट लागतं. कोरड्या रस्त्यावर 30च्या वेगात सहा मीटर लागत असतील, तर 60च्या वेगात चोवीस. ब्रेकवर हात जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही. पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे वर्षाचे चार महिने, हे अंतर आणखी वाढतं.

## हेल्मेट जिथे अपुरं पडतं

हेल्मेटकडे द्यायला अडीच-तीन सेंटिमीटर आहेत, जास्त नाहीत. 60च्या वेगात डोकं सरळ खांबावर गेलं तर हीच जागा सेकंदाच्या तीन हजारांश भागात संपते आणि बल 28,000 न्यूटनच्या घरात जातं. उभ्या स्कूटरवरून पडून उघड्या डोक्याला बसणारा मार आणि हा मार जवळपास सारखाच. म्हणून हेल्मेट घातलं की वाटेल तसं हाकावं, हा अर्थ यातून निघत नाही. आणि सगळा दोष चालवणाऱ्याच्या माथी मारावा, हाही निघत नाही.

कारण उरलेला वेळ रस्त्याने द्यायचा असतो. घसरलेली गाडी वळणाबरोबर वळत नाही. वळायला लागणारं बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून येतं. ते सुटलं की संवेगाची जी दिशा त्या क्षणी असते त्याच दिशेने गाडी सरळ जाते, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला. तिथे मोकळी जागा असेल तर माणूस फरफटत जाऊन थांबेल, वर सांगितलेले तीन सेकंद त्याला मिळतील. तिथे विजेचा खांब, पुलाचा कठडा किंवा जाहिरातफलकाचा लोखंडी पाय असेल तर मिळणार नाहीत. वळणाच्या आतल्या बाजूचा खांब आणि बाहेरच्या बाजूचा खांब यांत हा फरक आहे, आणि खांब उभा करताना तो ठरवता येतो. तुमच्या वाड्यावर अशा वळणावर खांब असेल तर ग्रामसभेत तो आत हलवायचा ठराव मांडता येतो. अर्जासोबत गाडी कुठून सुटते आणि कुठे जाते, एवढी एक सरळ रेघ काढून जोडा.